मागच्या रांगेतली चिठ्ठी

"आठी पडली का?"

लग्नाच्या हॉलमध्ये, रुखवताच्या टेबलामागं हाताची घडी घालून आक्का उभ्या असायच्या आणि मला हळूच हे विचारायच्या. समोर वराकडचे पाहुणे रुखवत बघायला वाकलेले. दुसरी कुठली बाई असती तर तिनं पाहुण्यांच्या तोंडाकडं बघितलं असतं. कोण हसलं, कोण 'वा' म्हणालं. आक्का फक्त कपाळाकडं बघायच्या. लांबचं त्यांना नीट दिसायचं नाही, म्हणून मी कॅमेऱ्याची लेन्स ओढून बघायचं आणि सांगायचं, "पडली, आक्का. एक न्हाई, दोन पडल्या."

"मंग जमलं," असं म्हणायच्या आणि कानामागची पेन्सिल काढून उगाच तिचं टोक तपासायच्या.

रुखवत तुम्हीही पाहिलंय. मुलीकडचे मांडतात ते. खडीसाखरेचं तुळशीवृंदावन, सुपाऱ्यांचे नवरा-नवरी, डाळींची रांगोळी आणि प्रत्येकापुढं दोन-चार ओळींची चिठ्ठी. वृंदावनापुढं तुळशीच्या ओळी, सप्तपदीपुढं संसाराच्या. वाचायचं, मान हलवायची, जेवायला जायचं. परभणीत आणि आसपासच्या गावांत मी पंचवीस वर्षं लग्नांचे फोटो काढतोय. त्या ओळी मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येतील. आक्कांचं रुखवत पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी मात्र मी जेवायचंच विसरलो.

खोबऱ्याच्या वाटीचं कासव होतं. नीट केलेलं, लवंगांचे डोळे, मान जरा वाकडी. त्याच्यापुढं चिठ्ठी. चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं काढलेली शेळी, तिच्या कपाळाला मुंडावळ्या. आणि खाली मजकूर असा:

"घाई करू नका, मी येतेच."
— कुकरची शिट्टी

मी दोनदा वाचलं. कासव, शेळी, कुकर. तिघांचा एकमेकांशी काय संबंध, देव जाणे. बरं, शेजारीच पत्र्याचा बाहुलीएवढा कुकर होता. म्हटलं याच्यापुढं तरी काहीतरी धड असेल. तर त्याच्यापुढं:

एसटी आली, एसटी गेली,
आमची पिशवी पुढं गेली.

आता मी शिस्तीचा माणूस. अल्बममध्ये वस्तू एक आणि चिठ्ठी भलतीच दिसली तर लोक मलाच वेड्यात काढणार. मी कुणाला न विचारता दोन्ही चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. शिट्टीची कुकरपुढं, एसटीची कासवापुढं. पटापट फोटो काढले आणि मागं वळलो तर आक्का उभ्या. दोन्ही चिठ्ठ्या उचलून पुन्हा होत्या तिथं ठेवल्या.

"आता काढा," म्हणाल्या. "तुमी लय शिस्तीचे दिसताव, भाऊ. घरी चपला पन जोडीनं लावत असताल."

लावतो. त्यात हसण्यासारखं काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

त्यांना नावानं कुणी ओळखत नव्हतं. रुखवतवाल्या आक्का, एवढंच. रेल्वे लाइनच्या पलीकडं दोन खोल्या, माहेर पेडगावचं, शिक्षण सातवी. अंगानं बारीक. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली आणि बोटांवर कायम डिंकाचे वाळके पापुद्रे. बोलता बोलता ते पापुद्रे सोलत बसायच्या. नवरा कधी होता, कधी गेला, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. एकदाच विषय निघाला होता. मी म्हटलं, "आक्का, तुमच्या लग्नात होतं का हो रुखवत?"

"होतं की. मीच केल्तं. चिठ्ठ्या पन मीच लिहिल्त्या."

"मग?"

"मंग काय? वऱ्हाड उशिरा आलं आन् सरळ पंगतीला बसलं. वाचणारं कुणी न्हवतंच." असं म्हणून त्या हसल्या.

प्रत्येक लग्नानंतर मी त्यांच्या ओळी घरी घेऊन यायचो, म्हणजे डोक्यात. बायकोला सांगायचो आणि आम्ही दोघं त्यावर भांडायचो. सुपाऱ्यांच्या सप्तपदीपुढं त्यांनी एकदा चपलेचा पट्टा लावणारा कोंबडा काढला आणि खाली लिहिलं:

सहा पावलं सोबत चालू,
सातव्याला जरा बसून बोलू.

मी म्हटलं, कोंबडा कशाला? बायको भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "बरोबर लिहिलंय," म्हणाली. काय बरोबर लिहिलंय, असं विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला न्हाई कळायचं." म्हणजे आधी एका बाईनं मला कोड्यात टाकलं होतं, आता दोघींनी.

शेवटी एकदा मी वैतागून विचारलंच. "आक्का, सरळ लिहा ना. कासवापुढं कासवाचं लिहिलं तर काय बिघडतं तुमचं?"

त्यांनी मला टेबलामागं ओढलं. "हितं उभं ऱ्हावा आन् बघा. रुखवत बघायला लोक कशाला येतेत? नावं ठिवायला. एवढंच का, हे बाजारातलं का, पोरीला काहीच येत न्हाई का. पोरगी तिकडं खोलीत मुंडावळ्या बांधून बसलेली असती आन् हितं तिची परीक्षा चाललेली असती. माणूस एकदा कोड्यात पडला ना भाऊ, की नावं ठिवायचं इसरतो."

हे मला पटलं नव्हतं. पण त्याच महिन्यात एका लग्नात डोळ्यांनी पाहिलं. नवरदेवाची आत्या, गळ्यात जाडजूड सर, तोंडात पान, पदर खोचूनच आली होती. टेबलावर कापसाच्या बोंडांची सहा मेंढरं होती आणि चिठ्ठी होती:

"मी हरवले न्हाई. मी मोजायची राहिले."
— सातवी मेंढी

आत्याबाईंनी मेंढरं मोजली. सहा. पुन्हा मोजली. मग टेबलाचं कापड उचलून खाली बघितलं. मग जावेला बोलावलं. दहा मिनिटांत त्यांच्याकडच्या चार बायका सातवी मेंढी शोधत होत्या. एकीनं तर अनारशांचं ताट उचलून बघितलं. सातवी मेंढी नव्हतीच, आक्कांनी केलीच नव्हती. जाताना आत्याबाई आक्कांना म्हणाल्या, "लय डोकं हाय बाई पोरीला." आक्कांनी मान डोलावली. रुखवत नवरीनंच केलंय असं सांगायची रीत असते आणि ती रीत त्या मोडत नसत. परभणीतल्या कितीतरी घरांत त्यांच्या वस्तू काचेच्या कपाटात आहेत आणि त्यांच्याखाली दुसऱ्याच बायकांची नावं आहेत.

पण अगदी खोटंही नव्हतं ते. लग्नाआधी आठ-पंधरा दिवस त्या नवरीच्या घरी जाऊन बसायच्या आणि पहिला प्रश्न विचारायच्या, "तुला काय येत न्हाई?" काय येतं हे विचारत नसत. एका पोरीला भाकरी येत नव्हती. गोलच व्हायची नाही. आक्कांनी तिच्याकडून कणकेत मीठ घालून तसलीच वेडीवाकडी भाकरी करून घेतली, वाळवली, रंगवली आणि थेट पहिल्या रांगेत मांडली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: "मला गोल म्हणू नका, मी नकाशा हाय. — भाकर." सासूनं ती वाचली आणि तिला असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. पुढं त्या सासूनं कधी भाकरीवरून टोकलं का नाही, मला माहीत नाही. मी फोटोपुरता.

आता माझ्या लेकीच्या लग्नाचं सांगतो. हे सांगताना माझी जीभ जरा अडखळते.

स्थळ मानवतचं, आडतीचं दुकान, घर खाऊनपिऊन सुखी. लेकीचं बीएस्सीचं शेवटचं वर्ष होतं आणि तिची एकच अट होती, पेपर द्यायचे. सुपारी फुटली त्या बैठकीत व्याह्यांनी पंचवीस माणसांसमोर सांगितलं, "शिकू द्या की! शेवटचं वर्ष हाय. आमी कशाला अडवू?" सगळ्यांनी पेढे खाल्ले. लेक दाराआडून ऐकत होती. तिचा चेहरा तेव्हा काय फुलला होता म्हणून सांगू.

लग्न पंधरा दिवसांवर आलं आणि व्याह्यांचा फोन आला. घरच्यांच्या, म्हणजे विहीणबाईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय, घरात दुसरं बाईमाणूस नाही, यंदाचे पेपर राहू द्या, पुढच्या साली बघू. मी काय म्हणावं? सांगायला लाज वाटते. मी म्हणालो, "तुमी म्हणाल तसं." फोन ठेवला आणि कुणालाच सांगितलं नाही. बायकोला नाही, लेकीला तर नाहीच. लग्न होऊन जाऊ दे, मग बघू, असं मनाला समजावलं. लेक शेजारच्या खोलीतच होती. तिनं ऐकलं असेल असं मला वाटलं नाही. किंवा वाटलं, पण ते मला मान्य करायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आक्का घरी येऊ लागल्या. त्या आणि लेक दार लोटून बसायच्या. आतून हसण्याचे आवाज यायचे, मी आत गेलो की दोघी गप्प. काड्यापेट्यांना कागद चिकटवून लेक छोटी छोटी पुस्तकं करत होती. आक्का जोंधळ्याच्या धांड्याची बैलगाडी जोडत होत्या; लहानपणी आपण रानात करायचो ना, तसली. एकदा आत गेलो तर लेकीचे डोळे लाल होते. "डिंकाचा वास," ती म्हणाली. डिंकाच्या वासानं डोळे लाल होतात का? मी तसाच बाहेर आलो.

लग्नाच्या दिवशी फोटोला मी ओळखीच्या एका पोराला सांगितलं होतं, पण रुखवत मीच काढणार असा हट्ट धरला. डोक्यावर फेटा, अंगात नवा सदरा, गळ्यात कॅमेरा. बायको म्हणाली, "आज तरी नवरीचे बाप व्हा." ऐकतोय कोण!

रुखवत तीन पायऱ्यांवर मांडलं होतं. आधी मी लांबून सगळ्याचा एक फोटो घेतला, ही माझी सवय. मग जवळ गेलो. पहिल्या रांगेत काड्यापेट्यांची पुस्तकं, आणि त्यांच्यापुढं चिठ्ठी:

"कुठं चाललो ते उजव्याला ठाव."
— डावा बैल

आणि बैलगाडी कुठं? पार मागच्या रांगेत, भिंतीला टेकून, जिथं हातात दिवा घेऊन गेलं तरच दिसेल. तिच्या चिठ्ठीवरचा पहिला शब्द 'सहा' आणि दुसरा 'पेपर' एवढं मी वाचलं. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, वराकडचे आले, आले! माझा हात सवयीनं चालला. पेपरची चिठ्ठी पुस्तकांपुढं, बैलाची बैलगाडीपुढं. आज माझ्या घरचं कार्य, आज तरी सगळं जुळलेलं दिसू दे, म्हटलं. आक्का तेव्हा नवरीच्या खोलीत होत्या.

आमच्याकडं वराकडचा एखादा हौशी माणूस चिठ्ठ्या मोठ्यानं वाचतो. या वेळी व्याह्यांनीच माइक घेतला. भजनाचा कमावलेला आवाज, वाचायचे पण चालीत. आधीच्या दोन-तीन चिठ्ठ्या वाचल्या, लोक हसले. मग पुस्तकांपाशी आले.

सहा पेपर राहिलेत बाई,
मामंजी म्हणतात, 'घाई न्हाई,
आधी पेपर, मग भाकर' —
असा सासरा सापडत न्हाई!

पहिल्या दोन ओळी त्यांनी झोकात म्हटल्या. तिसरीला आवाज जरा उतरला. चौथी त्यांनी वाचली, पण एकेक शब्द चाचपत, अनोळखी घरात अंधारात चालावं तशी. हॉलमध्ये क्षणभर कुणालाच कळेना की टाळी वाजवायची का गप्प बसायचं. व्याही माझ्याकडं बघायला लागले, मी चिठ्ठीकडं बघायला लागलो. ही ओळ इथं आली कशी? हिला कुणी सांगितलं? आणि मग व्याह्यांचा थोरला भाऊ, ज्याला फोनबिनचं काही ठाऊक नव्हतं, तो मागून मोठ्यानं ओरडला, "वा! आपला शब्द म्हंजे शब्द!" झालं. टाळ्यांचा नुसता कडकडाट. व्याह्यांनी घसा खाकरला. "हाव," माइकमध्ये म्हणाले, "दिलाय की शब्द. देऊ द्या पेपर." आणि माइक दुसऱ्याच्या हातात देऊन पाणी प्यायला गेले.

विहीणबाईंचं तोंड मात्र उतरलं. मुहूर्ताआधीच्या पंगतीत त्यांनी जिलबीला हात लावला नाही. आता हे लग्न पार पडतंय का इथंच मोडतंय, हेच कळेना. आणि माणूस असा घाबरला की कुणावर तरी चिडतो. मी आक्कांवर चिडलो.

स्टेजच्या मागं त्या रिकाम्या खोक्यांची दोरी गुंडाळत होत्या. आजूबाजूला वाढपी होते, माझे दोन मेव्हणे होते. मी आवाज खाली ठेवला नाही. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं ह्याच्यात नाक खुपसायला? माझ्या पोरीचा संसार हाय तो, तुमच्या चिठ्ठ्यांचा खेळ न्हाई! लग्न मोडायचं होतं का माझ्या लेकीचं?" अजून बरंच बोललो. सगळं लिहीत नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एकदा माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडं बघितलं. मग विचारलं, "पोरीनं ऐकलं का, वाचलं ते?"

"पोरीचं काय घेऊन बसलाव!" मी म्हणालो.

त्यांनी दोरी पत्र्याच्या पेटीत टाकली, पेटी उचलली आणि निघाल्या. पंगत चालू होती. त्या न जेवता गेल्या. गेटपाशी ऑटोत बसताना मी त्यांना पाहिलं. पाठवणीच्या वेळी लेकीनं विचारलं, "आक्का कुठं हायेत?" मी म्हणालो, "त्यांना काम होतं."

पेपर झाले. पंचवीस माणसांसमोर दिलेला शब्द फोनवर फिरवता येतो. टाळ्या वाजलेला फिरवता आला नाही त्यांना. गुडघ्याच्या वेळी व्याह्यांची बहीण येऊन राहिली. लेक एप्रिलभर मानवतहून येऊन-जाऊन पेपर देत होती. एक-दोनदा घरी टेकली, पाणी पिऊन गेली. माझी लग्नसराई. मी आपला हॉलमध्ये.

मे महिन्यात घरच्या लग्नाचा अल्बम करायला बसलो. लांबून घेतलेला पहिला फोटो संगणकावर मोठा केला आणि हात थांबला. मागच्या रांगेत, बैलगाडीपुढं पांढरा चौकोन. अजून मोठा केला. सहा पेपर राहिलेत बाई. मग मी जवळून घेतलेले फोटो बघितले, तिथं तीच चिठ्ठी पुस्तकांपुढं. हे म्हणजे कसं? पाच मिनिटं मी आक्कांनाच दोष देत होतो, मधेच जागा बदलली म्हणून. मग आठवलं, हात कुणाचा होता ते.

अजून एक दिसलं. चिठ्ठीच्या कोपऱ्यात चित्र होतं, लग्नाच्या गडबडीत मी ते पाहिलंच नव्हतं. फेटा बांधलेलं घुबड. डोळे मिटलेले. आणि गळ्यात कॅमेरा.

मला घुबड काढलं म्हणून आधी राग आला, हे खरं सांगतो. मग काहीच कळेनासं झालं. मला दाखवायचं होतं तर मागच्या रांगेत का लपवलं? लपवायचं होतं तर लिहिलं कशाला? दोन दिवस मी ते डोक्यात घेऊन फिरलो. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "जाऊन विचारा की त्यांना. आन् आधी माफी मागा."

आक्का आता नाहीत. त्याच वर्षी पावसाळा सरता सरता त्या गेल्या. शेवटी पेडगावला बहिणीकडं होत्या. मला कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. त्यामुळं मेमधली ती दुपार हीच आमची शेवटची भेट, आणि मी गेलो होतो हेच त्यातल्या त्यात बरं.

दार उघडं होतं. आक्का जमिनीवर बसून सुपात मसूर, तूर आणि हरभऱ्याची डाळ वेगळी करत होत्या. खोकला फार होता. मला बघून म्हणाल्या, "या की. उनाचं कुठं निघालाव?" जणू काही झालंच नव्हतं. मी तसाच उंबऱ्यात उभा राहून बोलून टाकलं. "आक्का, ती चिठ्ठी मी हलवली होती."

"ठाव हाय."

"मग तेव्हा बोलल्या का न्हाईत?"

"तुमी लय मोठ्यानं बोलायलाव्हता, भाऊ. माझं कुठं ऐकू आलं असतं?"

मी माफी मागितली. नीट जमली नाही. मधेच मी खोकल्यासारखं केलं. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

"पण आक्का, एवढं लिहिलंत आन् मागच्या रांगेत ठेवलंत? तिथं कोण वाचणार होतं?"

त्यांनी डाळीतला एक खडा उचलून बाजूला ठेवला. "मागच्या रांगंत कोन येतंय भाऊ, तुमच्याबिगर? प्रत्येक वस्तूचा जवळून फोटो काढणारा माणूस एकच. म्हनलं वाचतील, त्यांच्या ध्यानात येईल, मंग जाऊन बोलतील व्याह्याशी. चारचौघांत वाचायला न्हवती ती. बापाला वाचायला व्हती."

पंचवीस वर्षं मी चिठ्ठ्यांचे फोटो काढले. फोकस कधी हलला नाही.

मग डाळ चाळता चाळता त्यांनी विचारलं, "पेपर कसे गेले पोरीचे?"

लेक कोणत्या गाडीनं यायची ते मला ठाऊक होतं. विहीणबाईंचा गुडघा किती वाकतो ते ठाऊक होतं. व्याह्यांचा राग कधी निवला, कोणत्या सणाला त्यांनी मला फोन केला, सगळं ठाऊक होतं.

"बरे गेले असतील," मी म्हणालो.

"इचारलं न्हाई?"

"राहिलं, आक्का."

"लावा फोन," त्या म्हणाल्या.

खोलीत रेंज नव्हती, म्हणून मी अंगणात उन्हात आलो. लेकीनं दुसऱ्याच रिंगला उचलला. "बाबा? काय झालं? आई बरी हाय ना?"

"बरी हाय, बरी हाय. तसं काही न्हाई." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "ते... पेपर कसे गेले तुझे?"

मला वाटलं फोन कटला. मग ती म्हणाली, "आत्ता इचारायलाव, बाबा?" आवाज अगदी बारीक झाला होता. मग तिनंच सुरुवात केली. पहिला पेपर सोपा होता पण तिला एक प्रश्न दिसलाच नव्हता. दुसऱ्याला तिनं आधी शेवटचा प्रश्न लिहिला होता. तिसऱ्याच्या दिवशी एसटी बंद पडली आणि ती अर्धा रस्ता एका भाजीच्या टेम्पोतून आली होती; अंगाला कोथिंबिरीचा वास, आणि वर्गातल्या पोरी हसत होत्या. हे सांगताना ती हसली, आणि हसता हसता मधेच नाक ओढलं.

मी फोन आक्कांना द्यायला वळलो. त्यांनी डिंकाचा हात वर करून नको म्हटलं. "तुमीच ऐका," म्हणाल्या आणि सूप ओढून पुन्हा डाळ निवडायला लागल्या. मी उन्हात तसाच उभा होतो. लेक आता चौथ्या पेपरावर आली होती.